ऱ्हाइन उतरू दे

"उतरव गं बाई, थोडं पाणी उतरव," नागलक्ष्मी मोठ्यानं म्हणाली आणि तिनं दिवा पाण्यात सोडला.

घाटावरच्या बायका वळून बघायला लागल्या. तमिळ आडी महिन्याची अठरावी, चढत्या नदीला पूजायचा दिवस. तिरुवैयारूला कावेरी चढली म्हणून अख्खं गाव पिवळे दोरे आणि भाताचे डबे घेऊन पायऱ्यांवर आलेलं. इतके महिने नुसती वाळू बघितलेली. आणि ही बाई म्हणते, उतरव.

शेजारच्या पायरीवर कमलाक्षी होती. नागलक्ष्मीच्याच गल्लीतली, तिच्यासारखीच घरात मराठी आणि दारात तमिळ बोलणारी.

"अय्यो अक्का! आजच्या दिवशी असलं काय मागता?"

"हिचं नव्हे गं. आमच्या श्रीकरच्या नदीचं."

श्रीकरची नदी जर्मनीत होती. ऱ्हाइन. त्यानं ती कधी बघितली नव्हती. तंजावूरच्या एका एसी खोलीत बसून तो तिच्यावरच्या मालबोटींचं भाडं काढायचा. नोकरी अजून कच्ची. मॅनेजर भरद्वाजनं सरळ सांगितलेलं, नदी भरलेली असली की रेट तोच राहतो, कॉम्प्युटर काढेल, माणूस कशाला? नदी उतरली की रेट रोज बदलतो, तेव्हा माणूस लागतो. म्हणजे तिकडे पाऊस पडला की इकडे श्रीकर घरी. त्यामुळे नागलक्ष्मी रोज कॉफीच्या आधी विचारायची, "ऊन आहे ना रे तिकडे?"

कमलाक्षीचा मुलगा प्रणवेशही त्याच ऑफिसात होता. तोही कच्चाच. लॉरी डेस्कला. लॉरी डेस्क म्हणजे, नागलक्ष्मीच्या मते, ज्यांना नदी मिळाली नाही त्यांची जागा.

"पण पाणी उतरून काय होतं?" कमलाक्षीनं विचारलं.

नागलक्ष्मीनं पुळियोदरैचा डबा उघडला, तिच्या हातावर तो चिंचेचा भात वाढला आणि शिकवायलाच बसली. "हे बघ. पाणी कमी झालं की बोटीचं बूड टेकतं. मग अर्धाच माल भरायचा. डिझेल तेवढंच, माणसं तेवढीच, माल मात्र अर्धा. म्हणून भाडं चढतं. श्रीकर चढवतो."

"म्हणजे जितकी आटेल तितकं बरं?"

"छे छे! अर्धीच. एका खुणेच्या खाली गेली की बोटवाला सरळ नाही म्हणतो. करारातच आहे तसं. मग सगळा माल लॉरीवर. श्रीकरनं काय माशा मारायच्या?"

"असं होय," कमलाक्षी म्हणाली. "नाव काय म्हणालात नदीचं?"

"ऱ्हाइन. ऱ्हा-इन."

कमलाक्षीनं दोनदा म्हणून बघितलं. मग हात धुतले, आपला दिवा लावला, डोळे मिटून हात जोडले. बराच वेळ. नागलक्ष्मीला भरून आलं. दुसऱ्याच्या पोरासाठी आजकाल कोण एवढं करतं?

आणि ऱ्हाइन उतरली. जर्मनीत ऊन पडलं ते पडलंच. बोटी अर्ध्या भरायला लागल्या, भाडं दुप्पट झालं. श्रीकर रोज नवा रेट काढायचा आणि भरद्वाज त्याच्या पाठीवर थाप मारायचा. नागलक्ष्मी गल्लीतून अशी चालायची, जणू नदी तिनंच घरातल्या नळासारखी फिरवली होती. फुलवालीला सांगून झालं. दूधवाल्याला सांगून झालं. "मागायचं कसं ते कळायला पाहिजे," ती म्हणायची. "नीट माप सांगावं लागतं."

पण पाणी थांबेना. एका सकाळी नदी खुणेच्या खाली गेली. बोटवाल्यांनी दोर बांधले आणि ते घरी गेले.

भरद्वाजनं श्रीकरला बोलावलं. पाण्याच्या पातळीप्रमाणे रेटचा तक्ता स्क्रीनवर होता.

"ही शेवटची ओळ. हिच्या खाली काय आहे?"

"काही नाही, सर."

"उद्यापासून तुला तेवढंच काम."

श्रीकर दुपारीच घरी आला. शर्ट न काढताच पंख्याखाली आडवा पडला. नागलक्ष्मी आधी देवासमोर बसली, मग उठली, मग दारात जाऊन उभी राहिली. समोरून कमलाक्षी पायसमचं भांडं घेऊन येत होती. प्रणवेशची नोकरी पक्की झाली होती. नदीवरचा सगळा माल लॉरीवर आला होता आणि त्याला जेवायला फुरसत नव्हती.

नागलक्ष्मीला रडूच फुटलं. "मी अर्धीच म्हटलं होतं गं! तुझ्यासमोर म्हटलं. मग पूर्ण कशी आटवली कावेरीनं?"

कमलाक्षीनं भांडं तिच्या हातात दिलं. पदराला हात पुसले.

"तुमची अर्धी तुम्ही मागितलीत, अक्का," ती म्हणाली. "उरलेली मी."