माहेरचा ठिपका

मोबाइलवर रेडिओ ऐकताना चित्रंही दिसायला लागली, तेव्हा निवेदिका वृंदाच्या समोर स्टुडिओत एक नकाशा आला. श्रोत्यानं चित्राला बोट लावलं, की त्याच्या गावावर ठिपका उजळायचा. पहिल्याच आठवड्यात तिच्या माहेरच्या छोट्याशा गावावर ठिपका उजळला आणि ती बोलता बोलता अडखळली.

जातीबाहेर लग्न केलं म्हणून भावानं दोघांना संपवायची शपथ घेतली होती. शहर आणि नाव बदलून ती राहत होती.

"दादानं आवाज ओळखला असणार," ती घरी म्हणाली.

"मग कार्यक्रम सोड," तिचा नवरा मिलिंद म्हणाला.

तिनं सोडला नाही. ठिपका मात्र तिच्याच कार्यक्रमाला उजळायचा, दुसऱ्या कुणाच्या नाही. शेवटी तिनं श्रोत्यांना विचारलं, "घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेल्या लेकीनं माहेरी यावं का?" उत्तराला दोन चित्रं ठेवली, उघडं दार आणि बंद दार. नकाशाभर उघडी दारं आली. प्रश्नानंतर लावलेलं गाणं संपेपर्यंत माहेरचा ठिपका उजळलाच नाही. मग तिथून बंद दार आलं.

"बघ, राग अजून गेलेला नाही," मिलिंद म्हणाला.

"दादा असता तर त्यानं मला बोलावूनच घेतलं असतं," ती म्हणाली. "आई आहे ती. येऊ नकोस म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी माइक सुरू होताच तिनं विचारलं, "माझा आवाज नीट पोचतोय ना?"

सगळ्यात आधी माहेरचा ठिपका उजळला.