खालच्या वळणाचं पाणी

खाली

धाकटीने मेलेले मासे तळ्याच्या काठालाच पुरले होते. माती अजून ओली होती. थोरला तिथेच उभा राहिला.

"पुन्हा सगळे गेले, दादा," ती म्हणाली. "गावाची घाण तू खाली सोडतोस आणि माझं तळं रिकामं होतं."

गावाचं सांडपाणी शुद्ध करण्याचं केंद्र तोच चालवत होता. तिथून सुटलेलं पाणी नदीला मिळे, आणि पहिल्याच वळणावर पाट काढून धाकटी ते तळ्यात घेई.

घरात शिरताना तो बोलला नाही, खाकरलाही नाही. तरी खाटेवरच्या आईने तोंड वळवलं.

"आलास का रे?"

आईची नजर कधीच गेली होती. शेजारीपाजारी बोलल्याखेरीज तिला ओळखू येत नसत. धाकटीलाही ती कधीकधी "कोण?" म्हणे. थोरल्याच्या बाबतीत मात्र चूक नाही. लाडकं लेकरू, दुसरं काय, असं धाकटी म्हणे आणि नाक मुरडे.

वर

केंद्रात काही बिघडलेलं नव्हतं. हवेचे पंप चालू होते, गाळ तळाशी बसत होता. तरी त्याने नळीतून बाटली भरली आणि प्रयोगशाळेत नेऊन दिली.

तपासणाऱ्या बाईंनी निरोप धाडला: पाणी निर्मळ आहे, जिवंत असं काहीच सापडलं नाही.

सापडणार कसं? नदीचं पाणी पिऊन आई मरता मरता वाचली होती, तेव्हाच त्याने मनाशी ठरवलं होतं की आपल्या हातून एक जंतूही खाली जाणार नाही. शेवटच्या टाकीत पडणारी ब्लीचिंग पावडर तो दुसऱ्या कुणाला पिंपात कालवू देत नसे. लोक मापाने टाकतात, तो मन भरेपर्यंत. बायको म्हणे, तुमच्याशी नाही, त्या पिंपाशीच संसार मांडलाय मी. कितीही आंघोळ करा, कपाटातले कपडेसुद्धा वासाने सांगतात कुणाचे ते.

पाणी बाहेर पडे तिथल्या दगडांवर शेवाळाचा मागमूस नव्हता. त्याला त्याचा अभिमान होता.

फोनवर

बाईंचा निरोप त्याने धाकटीला वाचून दाखवला.

"कागद तुझ्याकडे ठेव. मी माशांचं शेवटचं बीज सोडतेय. हेही गेलं तर तळं बुजवीन, आईला तुझ्याकडे आणून सोडीन आणि मिळेल तिथे कामाला जाईन."

"तू सोड बीज. या खेपेला मी जातीने लक्ष घालतो."

"आजवर कुणाचं लक्ष होतं मग?"

तो हसला. धाकटी हसली नाही.

वर

त्याने नव्या पोत्याचं तोंड सोडलं. नेहमीची पावडर टाकून झाली. मग धाकटीची आठवण झाली आणि त्याने उरलेलं पोतंही पिंपात रिकामं केलं. बांबूने ढवळताना डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, बाहीने पुसत तो ढवळत राहिला. नळीतून पाणी खाली निघालं. काचेसारखं.

खाली

सकाळी तळं पांढरं दिसत होतं. सगळी पोटं वर.

धाकटी रडली नाही. पाण्यात उतरून तिने हाताला लागतील तेवढी पिल्लं टोपलीत भरली. पुरायचं त्राण नव्हतं. कुत्री लागू नयेत म्हणून टोपली तशीच निथळती घरात आणली आणि खाटेजवळ ठेवली. आईला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून ती भिंतीला टेकून गप्प बसली.

आईची चुळबुळ थांबली. तिने टोपलीकडे तोंड वळवलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"आलास का रे?"