भजनंच मागा

वाशीमच्या छोट्याशा रेडिओ केंद्रावर हरीओम रोज दुपारी प्रेमगीतं लावायचा. अनसिंगच्या मंजुषाशी चोरून जमलेलं त्यानं मोडलं, ते मोडलंच. वर त्याच कार्यक्रमात तिच्या रडण्याची नक्कल करून लोकांना हसवलं. नाव घेतलं नाही, पण तिच्या मैत्रिणींनी बरोब्बर ओळखलं.

तेवढ्यात केंद्र गाणी बदलणार अशी बातमी फुटली. कोणी म्हणे आता जुनी हिंदी लागतील, कोणी म्हणे डीजेवाली. शेवटी केंद्रानं ऐकणाऱ्यांचंच मत मागवलं. मंजुषा घरोघरी फिरली.

"काकू, फोन करा अन् भजनंच मागा. त्याचा तो प्रेमाचा बाजार उठला पाह्यजे."

बायकांनी फोन करकरून केंद्राला भंडावून सोडलं. प्रेमगीतं बंद झाली. त्या दिवशी मंजुषा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

पण हरीओमची नोकरी काही गेली नाही. तोच आता भजनं लावू लागला, मधेमधे उपदेश करू लागला आणि बघता बघता हरीओम महाराज झाला. अनसिंगच्या सप्ताहात कीर्तनाला त्यालाच बोलावणं गेलं. मंजुषाच्या बापाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो हरखून घरी आला.

"मंजे, महाराज आपल्या घरी जेवाले येऊन राह्यले. त्याइचे पाय तू धुजो."

"बरं बाबा," म्हणत तिनं गॅसवर पाणी ठेवलं, आणि उकळी फुटली तरी उतरवलं नाही.