ओळख आणि ताबा

“मुडदा म्हणायचं नाही, प्रेत म्हणायचं नाही, बिचारा तर मुळीच म्हणायचं नाही. नग म्हणायचं,” सासरा म्हणाला. “सरकार बिचाऱ्याचं बिल काढत नाही. नगाचं काढतं.”

जावयाने मान डोलावली. सरकारी इस्पितळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघे बसले होते, मागे स्ट्रेचरवर चादरीखाली आजचा नग होता. बेवारस प्रेतांच्या विल्हेवाटीचं कंत्राट म्हाताऱ्याकडे इतकं जुनं होतं, की आधी कंत्राट निघालं आणि मग त्याच्यासाठी इस्पितळ बांधलं, असं लोक म्हणत. म्हाताऱ्याच्या रक्तातच निविदा होती. ताटात उरलेल्या घासाला तो ‘शिल्लक परिमाण’ म्हणे. त्याच्या घरचं मांजरसुद्धा तीन दरपत्रकं आल्याशिवाय दुधाला तोंड लावत नसे.

आज कंत्राट जावयाच्या नावावर व्हायचं होतं. घड्याळं दुरुस्त करून पोट भरेना, म्हणून जावई सासऱ्याच्या दारी आला होता, आणि वर्षभर सासूचे टोमणे गिळत होता. सासऱ्याची अट एकच होती. सरकारी शब्द तोंडात बसले पाहिजेत.

तेवढ्यात खिडकीवर एक बाई आली. बाहेर तिने हातगाडी लावली होती. दिवस भरत आले होते, एक हात कमरेवर होता.

“जा, बोल,” सासरा म्हणाला. “खोटं बोलायचं नाही. खोटं पकडलं जातं. शब्द वापरायचे.” आणि चहाचा पेला घेऊन तो फळीच्या आडोशामागे गेला. म्हातारा एका कानाने बहिरा होता. कोणत्या, ते दिवसाच्या सोयीवर होतं.

“माझा नवरा इथं आणलाय,” बाई म्हणाली. “कारखान्याच्या फाटकाशी कोसळला. मला आज कळलं. तो घ्यायला आलेय.”

“बाई, ओळख पटवायचीय की ताबा घ्यायचाय?”

“म्हणजे?”

“ओळख कुणालाही पटवता येते. ताबा फक्त वारसाला. लग्नाची नोंद आहे?”

“नोंद कुठली! त्याच्या घरचे उभे राहिले नाहीत, आम्ही दोघंच उभे राहिलो.”

“मग तुम्ही वारस नाही. संबंधित व्यक्ती.”

जावयाला स्वतःचंच कौतुक वाटलं. शब्द लोण्यासारखे निघत होते.

“बरं, मग खऱ्या वारसालाच बोलवा,” बाई म्हणाली. “त्याचा बापच इथला कंत्राटदार आहे. त्याने बापाची वर तक्रार केली होती, कमी खोल खड्ड्यांची. बाप वर्षभर काळ्या यादीत गेला. तेव्हापासून बाप त्याचं तोंड पाहत नाही. आता तरी पाहील.”

म्हणजे मागचा नग जावयाचा मेहुणा होता. मेहुणा त्याने कधी पाहिला नव्हता. घरात त्याचं नाव काढायची बंदी होती. त्याची नजर बाईच्या पोटावर गेली. म्हाताऱ्याने नातवंड पाहिलं, की जावई पुन्हा घड्याळं उघडायला मोकळा. आडोशामागे चहाचा भुरका वाजला. जावयाने आवाज खाली घेतला.

“बाप वारस खरा. पण तो कंत्राटदार. कंत्राटदाराचा कामात हितसंबंध निघाला, तर कंत्राट रद्द.”

“हितसंबंध कसला? पोटचा पोरगा आहे!”

“त्यालाच हितसंबंध म्हणतात.”

“दादा, मला माणसांच्या भाषेत सांगा.”

“ही सरकारी भाषा आहे, बाई. माणसांना लागू नाही.”

“मग नुसती ओळख तरी पटवू द्या. एकदा चेहरा बघते आणि जाते.”

“ओळख इथून उचल होण्याआधी पटवायची. उचल झालीय.”

“कुठे झालीय? तो काय, तुमच्या मागे आहे! पाय दिसताहेत त्याचे. ती वाकडी करंगळी माझ्या नवऱ्याची आहे!”

“कागदावर झालीय.”

बाईने त्या पायांकडे एकदा बघून घेतलं. तिला एकेक शब्द समजला होता. मग तिने हातगाडी वळवली. रिकामी गाडी खडखडत गेली.

सासरा बाहेर आला. त्याने जावयाची पाठ थोपटली.

“शाबास! एक शब्द खोटा नाही आणि एक शब्द खरा नाही. असं माझ्याच्याने उमेदीतही जमलं नसतं.”

त्याने तिथल्या तिथे सही ठोकली. कंत्राट जावयाचं झालं. जावयाला रडू येतं की हसू, ते त्यालाच कळेना. आता एवढंच उरलं होतं, की म्हाताऱ्याने बघायच्या आत मेहुणा मातीआड व्हायला हवा होता.

“तुम्ही बसा, मामा. हे मी उरकतो.”

“एकट्याने उचलतोस होय? कंबर जाईल.” म्हातारा स्ट्रेचरच्या डोक्याकडे गेला, आणि त्याने चादर सरळ छातीपर्यंत खाली ओढली. जावयाने डोळे मिटून घेतले.

किंकाळी आली नाही. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. म्हातारा पोराचे विस्कटलेले केस आपल्या कंगव्याने नीट बसवत होता.

“नाक माझं, बाकी सगळं आईचं,” म्हातारा म्हणाला. “पहाटे पायाच्या अंगठ्याला ‘बेवारस’ची चिठ्ठी मीच बांधली. तू पायांकडून धर.”