सुज्ञ माणूस

जिन्यावरून पडून कुसुमताई धोंगडेंचा खुबा मोडला, तेव्हा चूक कोणाची हे ठरवायला न्यायालयाने ‘सुज्ञ माणूस’ हा यंत्रमानव पाठवला. सगळ्यांनी त्याच्यासारखं वागावं, असा कायदाच होता.

तुटक्या पायऱ्या बघून तो थबकला. “सुज्ञ माणूस हा जिना चढणारच नाही.”

घरमालक वाघोलीकर खूश झाले. “ऐकलंत ना, बाई? अक्कल असती तर चढलाच नसतात.”

शस्त्रक्रिया होऊन त्याच दिवशी इस्पितळातून परतलेल्या कुसुमताईंनी यंत्रमानवाकडे तुच्छतेने पाहिलं. “माझं घर वर आहे. मग घरी कसं जायचं रे, शहाण्या?”

“हा प्रश्न माझ्या कक्षेत नाही,” म्हणत त्याने तिथेच वाघोलीकरांना निर्दोष ठरवलं.

“मग बाजूला हो,” कुसुमताई म्हणाल्या आणि बसून, एकेक पायरी मागे सरकत, वर निघाल्या.