बाकावर बसा, भाऊजी

"चालता हो! आधी माझ्या डोळ्यांसमोरून चालता हो!"

मास्तरचा आवाज चढला तसे खेळाडूंच्या खोलीत बुटाच्या नाड्या बांधणारे हात जागच्या जागी थांबले. दारापाशी मास्तरचा मेहुणा उभा होता. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ, आणि संघाचा सहप्रशिक्षक. त्याच्या गळ्यातली शिट्टी मास्तरने ओढून काढली आणि बाकड्यावर आदळली.

"भाऊजी, ऐकून तर घ्या."

"काय ऐकू? लंबूच्या संघाकडून दोनदा मार खाल्ला. दोन्ही वेळा आपली चाल त्याला आधीच ठाऊक! चाल कुणाला माहीत असते? मला आणि तुला. मग मी काय माझी मुंडी स्वतःच मुरगाळली?"

"तसं नाही हो. एक सांगतो, पण रागावू नका..."

"रागावणार! हजारदा रागावणार!"

मेहुणा एक पाऊल मागे सरला. "बरं, राहिलं. पण निदान आज बाकावर बसा. काही झालं तरी उठू नका. एवढं तरी करा."

झालं! मास्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला बसवणारा तू कोण रे? तुझ्या ताईकडे बघून घेतला तुला, नाहीतर कुत्रं विचारत नव्हतं! नीघ!"

मेहुणा खाली मान घालून निघून गेला. शिट्टी तिथेच राहिली.

मास्तर हे नाव त्याच्या खेळायच्या दिवसांतलं. फुटबॉलच्या मैदानाच्या मधोमध खेळता खेळता तो सगळ्यांची शाळा घ्यायचा, पंचाचीसुद्धा. तेव्हा लंबू त्याच्याच संघात, पुढच्या फळीत. "मी चेंडू सोडायच्या आधी लंबू बरोबर त्या बाजूला धावत सुटलेला असायचा. बोलणं नाही, खुणा नाहीत, काही नाही!" हे मास्तर अजूनही छाती फुगवून सांगायचा. पुढे दोघंही प्रशिक्षक झाले, आणि आता त्याच लंबूने त्याच्या नाकी नऊ आणले होते.

आज पुन्हा लंबूच्याच संघाशी गाठ होती, आणि हरले की संघ खालच्या गटात जाणार होता. "आणि मग तुम्हीही मोकळे," असं अध्यक्षांनी काल चहा ढवळत, अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. त्या गोड आवाजानेच मास्तरचं डोकं जास्त फिरलं.

घरी तरी धड काय होतं? सकाळी बायकोने नवे मोजे पुढे केले. "हे घाला. जुने ओढून ओढून पार ढिले झालेत."

"घरात फितूर निघालाय आणि तुला मोजे सुचतायत?"

"माझ्या भावाला फितूर म्हणालात तर याद राखा," ती म्हणाली. नवे मोजे टेबलावरच पडून राहिले.

पण मास्तरचा संशय काही उगाच नव्हता. मागच्या सामन्यात तर त्या मेहुण्याने कहरच केला. उत्तरार्धभर हातात पाण्याची बाटली घेऊन नेमका मास्तरच्या पुढ्यात उभा! "खांबासारखा मध्ये काय रोवलायस स्वतःला?" मास्तर खेकसला, तरी बाबा हलेना. त्या वेळात मुलांनी एक गोल फेडलाही, पण मास्तरला तो धड दिसला नाही.

आज मास्तरने चाल कुणालाच सांगितली नव्हती. आयत्या वेळी ठरवायची आणि कप्तानाला ओरडून सांगायची. बघू, फितूर काय करतो ते!

सामना सुरू झाला. मास्तर रेषेपाशी उभा राहिला. सूटबूट त्याला कधी मानवलाच नाही. खेळायच्या दिवसांतलीच हाफपँट, तेच गुडघ्यापर्यंतचे मोजे. शेजारच्या बाकापाशी लंबू हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत होता. नजरानजर झाली तसा तो हसला. मास्तरने मान फिरवली.

डावीकडे मोकळी जागा दिसली. मास्तरने वाकून डावा मोजा वर ओढला, तोंडाशी हातांचा कर्णा केला आणि ओरडला, "डावीकडून!"

लंबूची मुलं तिथे आधीच पोचली होती. चेंडू त्यांनी हिसकावला आणि बघता बघता गोल चढवला.

मास्तर धुमसत राहिला. थोड्या वेळाने उजवी बाजू रिकामी झाली. त्याने उजवा मोजा खसकन ओढला, पण शब्द तोंडातून निघायच्या आत ती बाजू भरून गेली. पुन्हा गोल!

आता मात्र मास्तरची खात्री पटली. मेहुण्याने नुसती चाल नाही, त्याचं अख्खं डोकंच लंबूला विकलं होतं. मध्यांतरात त्याने बायकोला फोन लावला.

"तुझा भाऊ यापुढे आपल्या उंबऱ्यात दिसता कामा नये."

"मग मीही दिसणार नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

उत्तरार्धात त्याने डावी म्हटलं, उजवी म्हटलं, घसा बसेपर्यंत म्हटलं. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा अध्यक्षांची खुर्ची रिकामी होती. मुलं गवतावर बसून रडत होती. नोकरी गेली, संघ बुडाला, आणि घरी जाऊन कुणाचं तोंड बघायचं तेही कळेना.

लंबू लांब ढांगा टाकत आला आणि त्याने मास्तरला मिठीच मारली. मास्तर लाकडासारखा ताठ उभा राहिला.

"तुझा मेहुणा कुठाय रे? आज दिसला नाही."

"हाकलला त्याला," मास्तर दातओठ खात म्हणाला. "आता तूच सांभाळ. तुझाच माणूस ना तो?"

"माझा?" लंबू बुचकळ्यात पडला, मग खो खो हसत सुटला. "अरे, त्या पठ्ठ्याने मागच्या वेळी माझा जीव काढला! तो पुढ्यात उभा राहिला की मला तुझे मोजेच दिसत नाहीत."