तवमणीचं पथ्य

"गोळी नाही आली," अरुळय्या म्हणाला. पाक्कियमने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"मग त्याच जातीची दुसरी द्या, अण्णा."

"त्या जातीची एकही नाही. बोट बंद, रस्ता बंद. मी काय खलात कुटून देऊ?"

"सुजेवरचं मलम तरी?"

"मलम चोळून आतली सूज उतरली असती, तर मी औषधाचं दुकान कशाला मांडलं असतं?"

"गुरांच्या डॉक्टरकडे असते म्हणतात."

"होती. माणसांनीच संपवली." अरुळय्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "घरी किती उरल्यात?"

"नऊ."

"अर्धी अर्धी दे. मग पाव. एकदम बंद करू नकोस, पोरीचा जीव जाईल."

त्या वर्षी लढाईमुळे जाफन्यात खाडीपलीकडून काहीच येत नव्हतं. बायका ताडफळाच्या गराने लुगडी धूत. काचेच्या बाटलीत चमचाभर तेल आणि वात घालून दिवा करत, आणि त्या दिव्याखाली मुलं परीक्षांचा अभ्यासही करत. साबणाला पर्याय सापडला, रॉकेलला सापडला. तवमणीच्या गोळीला सापडत नव्हता.

पाक्कियमची तवमणी एकोणीस वर्षांची. गोळी सुरू होण्याआधी तिचे पाय खांबासारखे सुजायचे, बोटं मिटायची नाहीत. गोळीने ती माणसांत आली होती. नऊ गोळ्या पाक्कियमने विळीवर कापून कापून महिनाभर पुरवल्या. मग सूज परत आली.

शेजारची सोर्णम म्हणाली, "त्या दुकानाचा उंबरा किती झिजवशील? वल्लीपुरम वैद्यांकडे चल. तीन पिढ्यांचा हात आहे."

वल्लीपुरम वैद्य कमी बोलत. त्यांनी नाडी पाहिली, पायावर अंगठा दाबून पाहिला.

"कुठली गोळी होती? रोज किती?"

पाक्कियमने घड्या पडलेली डॉक्टरची चिठ्ठी पुढे केली. वैद्यांनी ती बराच वेळ वाचली.

"उद्यापासून माझी पुडी. सकाळी एक, भरल्या पोटी. एक दिवसही चुकवायची नाही. आणि पथ्य कडक. मासे नाहीत, खेकडा नाही, आंबट नाही, वांगं नाही."

"पाणीसुद्धा विचारून पाजीन, अय्या."

पाचव्या दिवशी तवमणीने स्वतःची वेणी स्वतः घातली. पंधराव्या दिवशी विहिरीवर गेली. भूक लागायला लागली, गाल भरले, चेहरा गोल झाला.

"काय गं, मोदक झालीस की!" सोर्णम म्हणाली.

"पथ्याचे मोदक," तवमणी म्हणाली. "आत सारणच नाही."

पाक्कियम हसली. कितीतरी दिवसांनी हसली. अरुळय्याच्या दुकानावरून जाताना आता ती आत डोकावतही नसे.

चौथ्या महिन्यात वैद्य एकाआड एक दिवस पुडी द्यायला लागले. पुडीही लहान झाली. गुण आला म्हणूनच असेल, असं पाक्कियमला वाटलं. आणि एका सकाळी तवमणीला चप्पल पायात घालता येईना. दुसऱ्या दिवशी डोळे सुजून मिटले. तिसऱ्या दिवशी तिला उठवत नव्हतं.

कारण पाक्कियमला ठाऊक होतं. ती धावत गेली आणि वैद्यांच्या पायांवर पडली.

"अय्या, दोष माझा आहे. रविवारी पोर रडली, आई, एकदाच दे म्हणाली. मी खेकडा घालून शिजवलेली पेज, कूळ, पाजलं. एकच करवंटी. पथ्य मी मोडलं, तिला शिक्षा नको."

वैद्यांनी पाय मागे घेतले.

"खेकड्याने काही झालेलं नाही, पोरी."

"तुम्ही मनाने मोठे म्हणून असं म्हणता."

"पुडीत एक जिन्नस लागतो. जपून वापरत होतो. परवा संपला."

पाक्कियम ताडकन उठून बसली. "मग सांगा ना! मी आणते. खाडी ओलांडून जाते. मुळी आहे की भस्म?"

वैद्यांनी कागद पुढे ओढला. त्यावर इंग्रजीत एक ओळ लिहिली, चार घड्या घातल्या.

"अरुळय्याला दाखव. त्याच्याकडे नसेल तर जाफन्यात कुणाकडेच नसेल."

पाक्कियमला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिने चिठ्ठी चोळीत खोचली आणि सायकल दामटली. वाटेत नल्लूरच्या मुरुगनला तिने नारळ बोलला, मग सोन्याचं कानातलं बोललं. डोंगरातली मुळी असेल. महाग असेल. पण नाव असलेली वस्तू कुठेतरी मिळतेच.

अरुळय्याने चिठ्ठी उघडली. वाचली. उलटून पाहिली, परत वाचली.

"ही कुणी दिली?"

"वल्लीपुरम अय्यांनी. पुडीत घालायचा जिन्नस आहे. चार महिने त्यानेच माझी पोर जगली. आहे ना, अण्णा? कसली मुळी आहे?"

अरुळय्याने चिठ्ठी फळीवर ठेवली आणि तिच्या घड्या हाताने सपाट करत राहिला.

"मुळी नाही, पाक्कियम," तो म्हणाला. "तू रोज माझ्याकडे मागायला यायचीस, तीच गोळी आहे."